चार हातांचा योद्धा

धुरपताबाईंना देव आणि खेळणं यांतला फरक कळला नाही, असं अल्लीपुरात कुणी म्हटलं तर मी ऐकून घेणार नाही. त्यांना सगळं कळत होतं. सुनेचा, पौर्णिमाचा, जीव कशात अडकलाय हे तर फारच चांगलं कळत होतं.

तो अडकला होता वीतभर उंचीच्या एका प्लास्टिकच्या योद्ध्यात. डोक्यावर शिंगं, चार हात, एका हातात भाला. ऑनलाइन मागवलेल्या किटमधले सुटे भाग तिनं एकेक कापून काढले, घासले, चिकटवले. जोडावर फट दिसली की तिला चैन पडायचं नाही. पुट्टी भरायची, वाळली की पॉलिश पेपरनं घासायची, पुन्हा भरायची. शेवटी बोट फिरवलं तरी जोड जाणवेना. मग रंग. डोळे तर तिनं श्वास रोखून काढले होते, आणि खरंच, तो योद्धा बघणाऱ्याकडे रागानं बघायचा.

रविवारी तो नागपूरच्या प्रदर्शनात मांडायचा होता. पुण्याच्या एका खेळण्यांच्या कारखान्यानं फोटो पाहून कळवलं होतं, की तिथं येऊन प्रत्यक्ष बघू, काम आवडलं तर नमुने रंगवायची नोकरी देऊ. तिचा नवरा रुपेश सेवाग्रामला एका लॅबमध्ये कामाला. तुझं जमलं तर मीही पुण्यातच बघतो, असं तो म्हणाला. हे तो स्वयंपाकघराच्या दारात बोलला, तिथंच चुकलं. आत धुरपताबाई भाजी निवडत होत्या. एकुलता एक मुलगा बायकोच्या मागे पुण्याला जाणार, हे त्यांनी ऐकलं आणि त्या गप्प बसल्या. धुरपताबाई गप्प बसल्या की घरातल्यांनी घाबरावं.

शुक्रवारी पौर्णिमा योद्ध्यासाठी मजबूत खोका आणायला हिंगणघाटला गेली. परत आली तर कपाट रिकामं.

"नदीत सोडला," धुरपताबाई म्हणाल्या. "माह्या सासऱ्यानं धम्म घेतला तवा घरचे सारे देव टोपल्यात भरून नदीत सोडलते. त्याच घरात तू चार हाताचा देव बसवून राह्यली?"

तो देव नव्हता, तुम्हाला माहीत होतं, असं पौर्णिमा पुन्हा पुन्हा सांगत राहिली. सासूबाईंनी भिंतीवरच्या बुद्धाच्या फोटोला हात जोडले. ज्यानं जन्मभर करुणा सांगितली त्याच्याआड लपताना या बाईला जराही लाज वाटली नाही. रुपेशनं आईला एका शब्दानं विचारलं नाही. दुसरा मागवू, म्हणाला. मला त्याचाच जास्त राग येतो.

शनिवारी सकाळी पौर्णिमा नदीकाठानं शोधत निघाली. आजेसासऱ्यांचे दगडाचे देव तेव्हाच तळाला गेले असतील. हा बुडाला नव्हता. तिनंच फट न् फट अशी बुजवली होती की आत पाण्याचा थेंब शिरेना. तरंगत तरंगत तो वळणावरच्या पिंपळापर्यंत गेला होता, आणि तिथल्या लोकांनी त्याला काढून पारावर बसवलं होतं. नदीतून चार हातांचा देव आला म्हणून नारळ फुटत होते.

पायांपासून गळ्यापर्यंत त्याला तेलात कालवलेला शेंदूर थापला होता. चेहरा मात्र अजून उघडा होता. डोळे तसेच रागानं बघत होते. चेहरा वाचला तर बाकीचं दिवसभर बसून पुसता येईल, उद्या नागपूर गाठता येईल, असं तिला वाटलं आणि तिनं हात पुढे केला.

किराणा दुकानवाल्यांची विमलाबाई शेंदराची वाटी घेऊन बसली होती. तिनं पूजेचं ताट मधे आडवं धरलं. पौर्णिमाचा हात आपल्याला लागू नये एवढं अंतर ठेवून.

"काकू, हा माहा हाय. मीनंच बनवला."

"तुम्ही लोकं तं देव मानत नाई नं?" विमलाबाई हसली. "मंग तू याले हात काऊन लावतं?"

मागच्या बायाही हसल्या. देव नाही असं पौर्णिमानं म्हणावं तर हे ऐकणार नव्हते, आहे म्हणावं तर सासूच खरी ठरत होती.

विमलाबाईनं शेंदराचा गोळा घेतला, अंगठ्यानं चेहऱ्यावर दाबला, कपाळापासून हनुवटीपर्यंत नीट सारवला. मग पदराच्या गाठीतून बाजारातले पत्र्याचे दोन डोळे काढून त्यावर चिकटवले.

"आता कसा देवावानी दिसते," ती पौर्णिमाला म्हणाली. "पहिलेचे डोये काई बरोबर नवते."