ताटावरचा प्रश्न

कम्प्युटरच्या डब्याला बाजूची काच बसवून दुर्गेशनं स्क्रू आवळले आणि बटण दाबलं. आतले पंखे निळे-जांभळे होऊन फिरू लागले, तेव्हा रीतानं श्वास धरून ठेवला होता. स्वयंपाकघराच्या दारात उभ्या असलेल्या मंदाबाईंना, तिच्या आईला, ते दिसलं. पोर इतकी जीव लावून काही पाहते आहे, हे बघून त्यांना बरं वाटायला हवं होतं. पण काल दुपारच्या एका फोनपासून त्यांचं कशात लक्ष नव्हतं.

"जिवंत झाला, मॅडम," दुर्गेश म्हणाला. गोंदियातल्या एका कम्प्युटर दुकानाचा हा चाळिशीतला मालक, सगळ्या पेट्या स्कूटरला बांधून सकाळीच दवनीवाड्याला त्यांच्या घरी आला होता. "अब सिर्फ विंडोज डालना है. म्हणजे झालं."

"लाईन जायच्या आत होईल ना?" रीतानं विचारलं.

"मधातच गेली तर फिरून पहिल्यापासून. म्हणून तर घाई करून राहिलो."

रीताला उद्याचा दिवस महत्त्वाचा होता. गावोगावच्या पाच पोरींचा एक संघ होता, कोणी नागपूरची, कोणी भिलाईची. सगळ्या आपापल्या घरी बसून एकच गेम ऑनलाइन खेळत. उद्या संध्याकाळी चाचणीचा सामना होता. तो नीट झाला तर रीता संघात पक्की होणार होती. मैत्रिणीच्या जुन्या लॅपटॉपवर ऐन वेळी चित्र अडकायचं, म्हणून ट्युशन घेऊन मिळवलेल्या पैशातून एकेक भाग घेत तिनं हा डबा उभा केला होता.

समोर दिवाणावर उमेंद्रभाऊजी बसले होते. मंदाबाईंचे मोठे दीर, रीताचे मोठे बाबा. मंदाबाईंचे यजमान टिकाराम भिलाईला कारखान्यात असत आणि घरातली मोठी गोष्ट निघाली की फोनवर एकच सांगत, "दादा म्हणते तसं करा." दादांची गोंदियाला तांदळाची गिरणी होती. गिरणीत जागोजागी कॅमेरे होते, आणि ते सगळे दादांच्या हातातल्या मोबाईलमध्ये दिसत.

आत्ताही ते तेच बघत होते. बघता बघता त्यांनी फोन लावला.

"बिसराम, पोत्यावर बसून काऊन राहिला?"

पलीकडून काही पुटपुटणं ऐकू आलं.

"पाय दुखते तर घरी जाय. मी इथून पाहून राहिलो, समजलं?" फोन ठेवून ते दुर्गेशकडे वळले. "हं. तुम्ही चालू द्या."

काल दुपारी त्यांनी असाच फोन मंदाबाईंना लावला होता. पोरीच्या स्थळाचं बोलणं सुरू आहे, ती खोलीचं दार लावून कोणाकोणाशी बोलत बसते, कम्प्युटर घ्यायला ना नाही, पण त्याला एक सोय करून घेऊ. मी गिरणीत बसून तो उघडून पाहू शकेन. तुझ्याही मोबाईलमध्ये जोडून देतो. पोरीला सांगायची गरज नाही.

मंदाबाईंनी नाही म्हणायला पाहिजे होतं. मागच्या वर्षी याच भाऊजींनी रीताचा फोन मागून घेतला होता आणि सगळ्यांसमोर वाचला होता. निघालं काहीच नाही. एका वर्गमित्राच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा निघाल्या. पण तेव्हापासून रीता घरात पाहुण्यासारखी राहू लागली. विचारलं तेवढं सांगायची. जेव म्हटलं की जेवायची. नवरात्र गेलं, दिवाळी गेली, आणि मंदाबाई देवापुढे रोज एकच मागत राहिल्या, की माझी पोर मला परत बोलती कर. या धानाच्या रोवण्याच्या दिवसांत कधीतरी ती संध्याकाळी पाटावर येऊन बसली आणि आपणहून म्हणाली, "आई, आज एक गंमत झाली." तेव्हापासून ती रोज यायची. संघातल्या मुन्नाचं सांगायची. मुन्ना म्हणजे पोरगाच असणार म्हणून मंदाबाई धसकल्या होत्या, तर ती नागपूरची दीप्ती निघाली. खेळताना पोरी एकमेकींना भलत्याच नावांनी हाक मारतात म्हणे.

एवढं असून काल त्या हो म्हणाल्या. दाराआडून "मार, मार, पीछे है" असं ऐकू आलं की जपाची माळ हातात थांबायची. आत काय चाललंय ते एकदा दिसावं, असं त्यांनाच वाटायचं. भाऊजींनी आग्रह केला नव्हता. त्यांनी फक्त विचारलं होतं.

आता ऊन उतरायला लागलं होतं. चातुर्मास होता, मंदाबाईंचं एकवेळचं जेवण अजून व्हायचं होतं. ते मौनानं असे. ताटावर बसल्यावर शब्द नाही, खूण नाही, मान हलवणंही नाही. बोललं गेलं तर ताटावरून उठायचं आणि दुसऱ्या दिवसापर्यंत पाण्यावर राहायचं. सासूबाईंनी लग्नाच्या पहिल्याच वर्षी घालून दिलेला हा नेम त्यांनी बाळंतपणातही मोडला नव्हता. घरातल्या सगळ्यांना ते माहीत होतं, त्या ताटावर असल्या की कोणी काही विचारत नसे.

त्यांनी वरणभात, धोप्याच्या, म्हणजे अळूच्या, पानांच्या वड्या वाढून घेतल्या, पाट दाराशी ओढला, पाणी फिरवलं आणि हात जोडले. इथून बाहेरची खोली सगळी दिसत होती. खरं सांगायचं तर आज त्या मुद्दाम जरा लवकरच बसल्या होत्या.

पहिला घास घेतला आणि बाहेर दुर्गेश म्हणाला, "सर, आता इथं निवडायचं आहे. विंडोज होम की प्रो?"

रीता स्क्रीनकडे वाकली. "होमच ना. मी दुकानात सांगतलं होतं तुम्हाले."

"सरांचा सकाळी फोन आला, प्रो म्हणून. माझ्याजवळ दोन्हीची लायसन्स-की आहे. जे टाकू त्याचं बिल."

"पण कायले? गेम प्रोमध्ये जास्त चालते का?"

"नाही. गेम दोन्हीत सेम. काडीचा फरक नाही पडत."

"मग?"

दुर्गेश साधा माणूस. दुकानात गिऱ्हाइकाला समजावून सांगायची सवय, ती इथंही कामाला आली. "प्रोमध्ये बाहेरून उघडता येते, मॅडम. म्हणजे सर गोंदियात बसून ह्या कम्प्युटरमध्ये येऊ शकतात. फाईल, फोटो, सब. होममध्ये तसं दार नाही राहत. सरांच्या नावाचं मोठं खातं करून देतो, तुमचं छोटं. आणि तुमच्या आईच्या मोबाईलमध्ये पण ते ॲप..." इथं मात्र त्याला रीताचा चेहरा दिसला, आणि तो थांबला.

रीतानं मोठ्या बाबांकडे पाहिलं.

"लपवून करायचं नव्हतं काही," उमेंद्रभाऊजी म्हणाले. "सांगणारच होतो."

"कधी?"

"आवाज चढवू नको, रीते. तुह्या भल्यासाठी आहे. जमाना पाहून राहिलो मी. गिरणीत रोज पोते कमी व्हायचे, कॅमेरे लावले, बंद झाले."

"मी पोते चोरून राहिली का?"

भाऊजींनी पुन्हा मोबाईल हातात घेतला. रीता वळली. ती स्वयंपाकघराच्या दाराशी आली आणि उंबऱ्याच्या अलीकडे उकिडवी बसली. ताट आणि ती, मध्ये हातभर जागा.

"आई, तुले माहीत होतं का?"

मंदाबाईंच्या हातात घास होता. तो तसाच राहिला.

"तिचं मौन आहे," मागून भाऊजी म्हणाले. "ताटावरच्या माणसाले विचारते का कोणी? तिले पापात पाडू नको. मी सांगतो ना, सगळं मी ठरवलं."

ते खरंच त्यांना वाचवत होते. मंदाबाईंना ते कळलं. किती सोपं होतं. घास खायचा, भात संपवायचा, आचवायचं, तोवर बाहेरचं काम झालेलं असेल. मग म्हणता येईल, बाई गं, मी ताटावर होते, मला काय ठाऊक. कोणी बोट ठेवणार नाही. नेम पाळला असंच सगळे म्हणतील. देवापुढे दिवा लावतानाही कोणाला काही सांगावं लागणार नाही.

रीता वाट पाहत होती. तिनं आईच्या डोळ्यांत पाहिलं. खूणही करायची नाही म्हणून मंदाबाईंनी डोळे ताटाकडे वळवले, आणि वळवताक्षणी त्यांना समजलं की उत्तर देऊन झालं.

"ठीक आहे," रीता म्हणाली. "नको बोलू."

ती उठली. टेबलाजवळ गेली, हेडफोनची वायर काढली आणि हाताला गुंडाळायला लागली. अगदी सावकाश, एकावर एक वेढे. "टाका प्रो," ती दुर्गेशला म्हणाली. "मोठे बाबा म्हणतात ते टाका. मले काय करायचं आहे त्याचं आता."

आवाजात राग नव्हता. रडं नव्हतं. मागच्या वर्षीचा तोच सपाट, पाहुण्याचा आवाज होता. जेव म्हटलं की जेवणाऱ्या पोरीचा.

"पक्का?" दुर्गेशनं भाऊजींकडे पाहिलं. भाऊजींनी मान हलवली. स्क्रीनवरचा बाण खाली सरकून प्रोवर आला.

मंदाबाईंनी हातातला घास ताटात ठेवला.

"थांबा जी," त्या म्हणाल्या.

आवाज मोठा नव्हताच, त्यांचा कधीच नसे. तरी दुर्गेशचा हात जागच्या जागी राहिला. भाऊजी दिवाणावरून अर्धे उठले.

"मंदा, तू ताटावर आहे."

"हो. गेलं ताट." त्या उठल्या, उष्टा हात तसाच अंगापासून दूर धरून दारात आल्या, डाव्या हातानं पदर पुढे घेतला. "रीता, मले माहीत होतं. काल भाऊजींनी विचारलं, आणि मी हो म्हटलं. त्यांनी जबरदस्ती नाही केली. मलेच पाहावं वाटत होतं."

रीताचे हात वायरीवर थांबले. तिनं वर पाहिलं नाही.

"होम टाका, दुर्गेशभाऊ," मंदाबाई म्हणाल्या.

"काल हो म्हणते, आज नाही म्हणते," भाऊजी म्हणाले. "मी काय पोऱ्या आहे का तुमच्या हाताखालचा? उद्या काही वेडंवाकडं झालं तर टिकारामले मी काय तोंड दाखवू?"

"तुमचं तोंड नाही दाखवावं लागणार. माहं लागेल. घरात मी असतो तिच्यासंगं."

"आणि तुले काय समजते त्यातलं?"

"काहीच नाही," त्या म्हणाल्या. "पण भाऊजी, एक विचारतो, राग नका मानू. पोते जायचे बंद झाले, हे खरं. पण तो बिसराम पहिले तुमच्याशी दोन गोष्टी बोलत बसे. आता बोलते का?"

भाऊजी पुन्हा दिवाणावर टेकले. मोबाईल त्यांच्या मांडीवर उजळलेला होता, त्यात गिरणीचं अंगण दिसत होतं आणि कोणीतरी पोतं ओढत होतं. त्यांनी तो उलटा करून ठेवला नाही, पण त्याच्याकडे पाहिलंही नाही.

"सर?" दुर्गेश हळूच म्हणाला. "लाईन जायचा टाईम होऊन राहिला."

"मले काय विचारता," भाऊजी म्हणाले. "घरवाले ठरवतील."

बाण वर सरकला. क्लिक झालं. स्क्रीनवर पांढऱ्या अक्षरात टक्क्यांचा आकडा उमटला आणि मुंगीच्या चालीनं पुढे जायला लागला.

आता कोणालाच काही करायचं नव्हतं. मंदाबाईंनी मोरीत हात धुतला, ताटातलं अन्न गाईच्या घमेल्यात काढलं. भाऊजी उठले, चप्पल घातली, अंगणात जाऊन मोटरसायकलपाशी उभे राहिले. निघाले मात्र नाहीत.

"उद्या काही झालं तर माह्याजवळ येऊ नका," ते तिथूनच म्हणाले.

"तुमच्याजवळच येईन," मंदाबाई दारातून म्हणाल्या. "आणखी कोणाजवळ जाऊ?"

ते गाडीवर बसले. मग म्हणाले, "संध्याकाळी दूध तरी घेशील, का तेही नाही?"

"पाणी फक्त."

"हट्टी आहे तू," असं म्हणून त्यांनी गाडीला किक मारली.

आत रीता टेबलाला टेकून उभी होती. दुर्गेश पाठ करून रिकाम्या पेट्या एकात एक घालत होता, गरजेपेक्षा जास्त मन लावून.

"कायले हो म्हटलं तू?" रीतानं विचारलं. ती अजूनही आईकडे पाहत नव्हती.

"भेव वाटते."

"कशाचं? मी काय करून राहिली?"

"तुझं नाही भेव. दार लागलं की मले वाटते, हाक मारावी. मग वाटते, तू चिडशील. मग बाहेर बसून तुह्या बोलण्यातलं एखादं वाक्य ऐकतो, अन् त्याच्यावर रातभर विचार करतो."

"विचारायचं ना मग."

"मागल्या वर्षीपासून विचारायची हिंमत होत नाही, रीता."

रीतानं माफ केलं असंही नाही, नाही केलं असंही नाही. पण हाताला गुंडाळलेली वायर तिनं एकेक वेढा करून सोडली, आणि टेबलावर ठेवली.

आकडा शंभरावर गेला. कम्प्युटर एकदा बंद झाला आणि मंदाबाईंना वाटलं, गेली लाईन. पण तो आपणहून पुन्हा सुरू झाला आणि नाव विचारू लागला. दुर्गेशनं कीबोर्ड रीताकडे सरकवला.

"नाव टाका. आणि पासवर्ड. कोणाले सांगू नका, मले पण नाही."

रीतानं नाव टाकलं. मग थांबली. "तिकडं पाहा जरा," ती म्हणाली.

दुर्गेशनं भिंतीकडे तोंड केलं. मंदाबाई अंगणाकडे वळल्या. तिथं मोटरसायकलच्या चाकाचा ओला माग होता, पलीकडच्या शेताच्या बांधीत धान उभं होतं. मागे बोटं कीबोर्डवर वाजत होती. एकदा चुकली असावीत, कारण ती थांबली आणि पुन्हा पहिल्यापासून वाजली. मान जराशी वळवली असती तर दिसलं असतं. मंदाबाई धानाकडेच बघत राहिल्या.

"झालं," रीता म्हणाली.

दुर्गेश वळला. मंदाबाई वळल्या नाहीत. ते त्याला म्हटलं की आपल्याला, हे त्यांना नक्की कळलं नव्हतं.

"आई," रीता म्हणाली. "आता पाहा ना."