गालावरचा तीळ

फिदेन्सियोची चौसष्ट सालची इंपाला म्हणजे नाकापेक्षा मोती जड असला प्रकार होता. इंजिन बिचारं गाडी ओढायचं कमी आणि स्पीकर पोसायचं जास्त. बास वाजला की हेडलाइट डोळे मिचकावायचे. गेल्या रविवारी तर भर सिग्नलला गाडी बंद पडली आणि आइस्क्रीमवाल्याने आपली हातगाडी बाजूला लावून इंपालाला ढकललं. सॅन अँटोनियोच्या वेस्ट साइडला एवढी शोभा आठवडाभर पुरते.

म्हणून आता डिकीत दुसरी बॅटरी बसवायची होती. पण खरं कारण म्हणजे म्हातारा.

फिदेन्सियोचा बाप बाउदेलियो चाळीस वर्षं पत्र्याच्या टाक्या ठोकून ठार बहिरा झाला होता. समोरच्याचे ओठ बघून बोलणं समजून घ्यायचा. गाणं त्याला एकाच ठिकाणी कळायचं: इंपालाच्या मागच्या सीटवर. आज त्याचा एक्याऐंशीवा वाढदिवस. दोन वर्षांपूर्वी गेलेली बायको ओर्तेन्सिया पहिल्यांदा त्याच्याबरोबर नाचली, नाचताना त्याचे पाय तुडवत राहिली, ती पोल्काची धून त्याला हवी होती, बाकी काही नको. "कानाने नाही तर नाही," तो सकाळी बार्बाकोआ खाताना ओरडला होता, "ढुंगणाने तरी ऐकीन!"

फिदेन्सियोची बायको देल्फिना शाळेच्या बस दुरुस्त करायची. तारांतलं तिला कळायचं, आणि तिला कळतं हेच फिदेन्सियोला पचायचं नाही.

"अर्थिंगची वायर या बोल्टला लाव," ती डिकीत वाकून म्हणाली. "पण आधी भोवतालचा रंग खरवड. लोखंड उघडं दिसलं पाहिजे."

"वेडी आहेस का? ती आई आहे!"

आईच होती. डिकीच्या तळावर चेरी रंगाचे चौदा हात, आणि त्यावर ओर्तेन्सियाचं चित्र. तो जाडजूड बोल्ट नेमका चेहऱ्यात येत होता, म्हणून चित्रकाराने डोकं लढवून त्याचाच तिच्या गालावरचा तीळ करून टाकला होता. लोक तो तीळ बघायला डिकी उघडायला लावायचे.

"रंगातून करंट जात नाही, फिदेन्सियो."

"घट्ट आवळला की जातो."

पालथ्या घड्यावर पाणी. देल्फिना हात पुसून घरात निघून गेली. फिदेन्सियोने रंगावरच वायर आवळली, पहिल्या दमात आवाज आला आणि गड्याने मिशांवरून हात फिरवला.

दुपारी तळ्याकाठच्या बागेत अशाच सजवलेल्या पन्नासेक गाड्या मिरवायला लागल्या होत्या. म्हातारा इस्त्रीचा शर्ट घालून मागच्या सीटवर बसला, दोन्ही तळवे सीटवर टेकले आणि डोळे मिटले. फिदेन्सियोने पोल्का लावली. दोन ठोके पडले. मग ॲम्प्लिफायरचा लाल दिवा लागला आणि सगळं गप्प. पुन्हा लावली, पुन्हा दोनच ठोके.

म्हातारा डोळे मिटून वाट बघत होता. "लाव की रे!" तो ओरडला. "मी तयार आहे!"

शेजारच्या गाडीतून कुणीतरी विचारलं, "आइस्क्रीमवाल्याला बोलवायचं का?" हशा पिकला. फिदेन्सियोला त्या हशाचं काही वाटलं नाही. त्याला बापाच्या मिटलेल्या डोळ्यांकडे बघवेना.

देल्फिनाने डिकी उघडली. तिने दोन्ही बॅटऱ्यांच्या वायरी सोडवल्या आणि पर्समधून सँडपेपर काढला. पर्समध्ये! म्हणजे बाईने घरूनच आणला होता.

"माझ्याने नाही होणार," फिदेन्सियो म्हणाला. "आईचा गाल आहे तो."

एव्हाना म्हाताऱ्याने डोळे उघडले होते. तो उतरून मागे आला. देल्फिनाने ओठ हलवून, बोटाने दाखवून सगळं सांगितलं. म्हातारा आधी चित्राकडे आणि मग पोराकडे बघत राहिला.

"गाढवा! हे चित्र माझ्या बायकोसारखं दिसतच नाही! तुझ्या मावशीसारखं दिसतं! दोन वर्षं मी लाजेकाजेने गप्प आहे!"

साऱ्या बागेने ऐकलं. बहिऱ्याला हळू बोलणं कुठलं जमतंय? त्याने सँडपेपर हिसकावला आणि खाली वाकून गाल खसाखसा घासला. तीळ गेला, अर्धं नाक गेलं, खालून पांढरं लखलखीत लोखंड निघालं. फिदेन्सियोने उघड्या लोखंडावर वायर आवळली, बाकीच्याही जोडल्या. बापाला सीटवर बसवून तो स्वतः शेजारी बसला. "लाव आता," तो देल्फिनाला म्हणाला.

बास असा दणकला की शेजारच्या दोन गाड्यांचे अलार्म बोंबलायला लागले. हेडलाइटनी डोळे मिचकावले नाहीत. म्हाताऱ्याच्या गालाची सैल कातडी ठोक्याबरोबर थरथरत होती आणि बुटाखालचा पत्रा धडधडत होता.

फिदेन्सियोने त्याची हनुवटी आपल्याकडे वळवली. "अपा, ऐकू येतंय?"

"ऐकू कसलं येतंय!" म्हातारा ओरडला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तो हसत होता. "पण तीच आहे. बघ, बघ, माझा डावा पाय तुडवते आहे!"