धावू दे तिला

"दंड सैल सोडा," नर्सबाई म्हणाल्या, तसा सुनेने तो आणखीच आवळला. बाकावर बसलेला तिचा सासरा, गल्लीतला न्हावी, पट्ट्यातली हवा फुसफुसत सुटताना ऐकत राहिला. सुनेचं डोकं सारखं दुखायचं, म्हणून तोच तिला इथे घेऊन आला होता.

डॉक्टरीणबाईंनी आकडा पाहिला. "रक्तदाब वाढायला लागलाय. आत्ताच गोळ्या नकोत. मीठ कमी करा आणि रोज भरभर चाला. महिन्याने परत बघू."

"दिवसभर पायाला भिंगरीच असते माझ्या," सून म्हणाली.

"ती घरासाठी. थोडं स्वतःसाठी चाला."

न्हाव्याचा मुलगा याच वर्षी गेला होता. ऐन चाळिशीत, ऑफिसच्या खुर्चीतच. छातीत चमक येते म्हणायचा. "दाखवून ये रे," म्हटलं की उत्तर ठरलेलं, "एवढं काम उरकू दे, बाबा." तो गेल्यापासून सून सगळं करत होती. मुलीचा डबा, तिचा अभ्यास, सासऱ्याचं पथ्य. पण तिच्या डोळ्यांतून टिपूस आलेलं कुणी पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडायचं सोडून न्हावी चपला घालून दारात उभा राहिला.

"चल, मैदानावर."

"लोक काय म्हणतील, बाबा? नवरा जाऊन वर्ष नाही झालं, आणि ही निघाली फिरायला."

"काय म्हणायचं ते माझ्या खुर्चीत बसून म्हणू दे. वस्तरा माझ्या हातात असतो."

सुनेने ओठ दाबले, तरी हसू फुटलंच. नात तर केव्हाच बूट घालून तयार होती.

पहिले काही दिवस सून मान खाली घालून, कुंपणाच्या कडेकडेने चालली. न्हाव्याचे गुडघे एका फेरीतच कुरकुरायचे, मग तो वाटेलगतच्या बाकावर टेकायचा. हळूहळू सुनेची मान वर झाली. जिना चढताना आता धाप लागत नाही, असं ती एकदा आपणहून म्हणाली.

मग एका सकाळी नातीने तिला चापट मारली. "आई, पकड मला!" आणि पोरगी सुसाट सुटली.

सून आधी घुटमळली. मग ओढणी कमरेला बांधून धावायला लागली. सुरुवातीला अवघडून, मग मोकळी. तिने पोरीला गाठलं, हात लावला आणि तशीच पुढे गेली. वळणावरही थांबली नाही.

नात धापा टाकत आजोबांकडे आली. "आजोबा, मी आउट झाले तरी आई थांबतच नाही."

न्हाव्याने पाहिलं. सून समोरून येत होती. चेहरा वेडावाकडा झाला होता, गाल भिजले होते आणि ती ते पुसतही नव्हती.

"आईला कुठे दुखतंय का?" नातीने विचारलं.

"हो, बाळा."

"मग थांबवा ना तिला."

"नको. धावू दे."

त्याने नातीला जवळ ओढून बाकावर बसवलं. सून बाकाच्या अगदी जवळ आली, तेव्हा वाटेवर पसरलेले आपले पाय त्याने हळूच आत घेतले.