चित्रातलं ताट

चित्रांच्या बॉटनं काढलेल्या पहिल्या वारलूच्या पायांत चक्क चकचकीत बूट होते.

"हा त कलेक्टरचा सासरा दिसून राह्यला," गावची आशा कार्यकर्ती रीता फोनवर वाकून म्हणाली. "आपल्या वारलूभाऊच्या पायात साधी चप्पल टिकत नाई."

उपकेंद्राची नर्स दिव्यानी हसली नाही. गावात रेंज फक्त तलावाच्या पाळीवर, म्हणून ती तिथल्या दगडावर बसली होती. पलीकडून तिचा भाऊ प्रफुल ऊर्जानगरच्या क्वार्टरमधून बोलत होता.

"ताई, तुझा नवा सर्व्हर प्रायव्हेटच ठेव. लिंक फक्त तुझ्या आशाताईंले दे. हे पहिलं चित्र माझ्या सर्व्हरवर निघालं, पण तिथं पोट्टे दिवसभर ड्रॅगन काढून राह्यले. त्यात तुझ्या गोळ्या हरवतील."

"आता हा बॉट परवानगी मागून राह्यला."

"दे. पण एकाच चॅनलची. पाहुणा आला म्हणून अख्खं घर उघडं टाकू नको."

दिव्यानीनं परवानगी दिली, चॅनलला 'औषधं' असं नाव दिलं आणि बॉटच्या नावाशेजारी हिरवा ठिपका पेटला. काय हवं ते लिहावं, मिनिटभरात चार चित्रं हजर.

हा खटाटोप वारलूसाठी होता. त्याला मिरगी होती. रोज रात्री जेवणावर एक गोळी. ती चुकली नाही तर झटका येत नसे, चुकली तर भरवसा नव्हता. नवराबायको दोघांनाही वाचता येत नव्हतं. आजवर दिव्यानी पाकिटावर बॉलपेननं चंद्र काढी, एक गोल, गोलात भाताचे ठिपके आणि शेजारी गोळी. "बाई, हा चंद्र हाय का विळा?" असं वारलू दर खेपेला विचारी, आणि गोळी न चुकता घेई. पण जिल्ह्याच्या प्रशिक्षणात दिव्यानीनं इतरांचे रंगीत तक्ते पाहिले, आणि बिनतक्रार चाललेल्या त्या ठिपक्यांची तिला लाज वाटू लागली. माणसाचं हे असंच असतं. चांगला चाललेला व्यवहार त्याला आधी जुनाट दिसतो.

परीक्षक म्हणून मात्र ती कडक होती. बूट काढायला लावले. पुढच्या चित्रात खुर्ची आली, ती घालवली. त्यापुढच्यात घरात नळ निघाला.

"तो पयले काढा," रीता म्हणाली, "नाईतर सरपंच फोटो काढून वर पाठवन."

शेवटी मनासारखं झालं. धोतरातला म्हातारा, दारात चंद्र, पुढ्यात भरलेलं ताट, तळहातावर पांढरी गोळी. दिव्यानीनं त्याची प्रत काढून प्लास्टिकमध्ये मढवून घेतली आणि नव्या पाकिटासोबत वारलूच्या घरी नेऊन दिली. त्या खेपेला गोळीची पट्टीही वेगळ्या रंगाची आली होती. वारलूच्या बायकोनं, भागीरथेनं, चित्र दोन्ही हातांत धरून बराच वेळ पाहिलं.

"नवीन गोळीचं हे नवीन पथ्य हाय का, बाई? असंच कराचं?"

"अगदी असंच," घाईत असलेली दिव्यानी म्हणाली. "चित्रात आहे तसं."

मग आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी ती ऊर्जानगरला गेली. मागे रीतानं जातायेता दोनदा विचारलं, "गोळी चालू हाय ना, मावशी?"

"हो माय, चित्रावानीच."

रोवणीच्या दिवसांत, भर दुपारी, वारलूला धानाच्या बांधीत झटका आला. बाकीचे लोक झाडाखाली शिदोरी सोडत होते. बांधीत पाणी घोट्याइतकंच होतं. तो पालथा पडला, आणि लोक धावत येईपर्यंत गेला होता.

दिव्यानी परतली ती थेट त्याच्या घरी गेली. भागीरथेनं मार्कंड्याच्या जत्रेतला पत्र्याचा डबा आणून पुढ्यात ठेवला. आत फडक्यात गुंडाळलेल्या गोळ्यांच्या पट्ट्या होत्या, कोरड्या, नीट.

"एकबी वाया नाई घातली, बाई. पीठ भेटलं त्या दिवशी पोळ्या केल्या न त्याले गोळी देल्ली. बाकीच्या दिवशी भात होता. भातावर नाई देल्ली."

चित्र चुलीपासून दूर, धूर लागू नये अशा बेतानं टांगलेलं होतं. दिव्यानीनं ते पहिल्यांदाच पाहिल्यासारखं पाहिलं. ताटात फुगलेल्या तीन पोळ्या, एकावर एक. भाताचं शीत नाही. बूट तिला खुपले, खुर्ची खुपली, नळही खुपला. ताट तिच्या आईच्या स्वयंपाकघरातल्यासारखं होतं, म्हणून त्यावर नजर अडली नव्हती.

दारात उभी असलेली रीता हळूच म्हणाली, "मले दिसल्या होत्या, मॅडम. वाटलं, चित्रातले लोकं पोळ्याच खातेत."

भागीरथेनं दोघींकडे आळीपाळीनं पाहिलं. "माह्यं काई चुकलं का, बाई?"

'नाही' म्हणून उठता आलं असतं. कोणी हिशेब मागितला नसता.

"तुमचं नाही," दिव्यानी म्हणाली. "मी चित्र चुकीचं आणलं. गोळी भातावरही चालली असती."

भागीरथेनं डब्याचं झाकण दाबून बसवलं, एकदा, परत एकदा. मग उठून चुलीत काड्या सारल्या.

"थोडं पीठ उरलं हाय," ती पाठमोरीच म्हणाली. "तुमच्याकडे पोळ्याच चालते ना? बसा."

रीता उंबऱ्यावर टेकली. दिव्यानी जमिनीवर बसली. भागीरथेनं पीठ मळलं, हाताला सवय नसल्यानं दोनदा पाणी जास्त झालं. ताट पुढे आलं तेव्हा त्यात तीन पोळ्या होत्या, एकावर एक. शेजारी पाण्याचा गिलास.

पोळ्या एका बाजूनं कच्च्या राहिल्या होत्या. दिव्यानीनं तिन्ही खाल्ल्या.