नाव ऐच्छिक

मोदकांचं काम माझ्याकडून काढून जयंतीला दिलं, तिथून हे सुरू झालं. आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढे मी धर्माच्या गप्पा मारायला लागले तर कुणी विश्वास ठेवू नये.

इथे परदेशातल्या आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीला सहा वर्षं नैवेद्याचे एकवीस मोदक मीच करत होते. पाऱ्या फाटायच्या, सारण बाहेर यायचं, लोक गोड मानून घ्यायचे. गेल्या वर्षी जयंती मदतीला आली. सुरिनामी दुकानातलं तेच जाडंभरडं पीठ तिने दोनदा चाळलं आणि अशा सुबक कळ्या पाडल्या की सगळे फोटो काढत बसले. यंदा यादी आली तेव्हा मोदकांपुढे तिचं नाव होतं आणि माझ्या नावापुढे 'कागदी प्लेट्स'. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

जयंती ख्रिस्ती आहे, हे मंडळात फक्त मला माहीत होतं. ती नगरची, आडनाव शिंदे, कुणाला शंका येणार? तिच्या घरी मराठी बायबल दिसलं तेव्हा ती सहज म्हणाली होती, "लपवत नाही गं मी. कुणी विचारतच नाही."

मंडळाच्या वेबसाइटवर सूचनांचा फॉर्म आहे. त्यात नाव ऐच्छिक. मी लिहिलं, "नैवेद्य ख्रिस्ती बाईने केलेला चालणार आहे का?" आणि खाली 'एक भाविक'. भाविक म्हणे! माझ्या देव्हाऱ्यातलं निरांजन महिनोन् महिने लागत नाही.

शनिवारी गुरुनाथच्या घरी बैठक झाली. गुरुनाथ आमचा अध्यक्ष, माणूस भला, पण वाद म्हटलं की त्याला घाम फुटतो.

"जयंतीताई, एक सूचना आलीय. तुम्ही ख्रिश्चन आहात का?"

"हो."

"म्हणजे माहेरचे लोक असतील. आता तुमचं तसं काही नाही ना?"

"आताही आहे."

"अहो, 'आम्ही आता काही पाळत नाही' एवढंच म्हणा. विषय क्लोज करून टाकू."

"आरतीला मी उभी राहते, मोदकही आनंदाने करीन. पण मी ख्रिस्ती नाही असं कसं म्हणू?" मग तिने विचारलं, "सूचना कुणाची आहे?"

"नाव नाहीये," गुरुनाथ म्हणाला. मग त्याने मोदकांचं काम पुन्हा माझ्याकडे दिलं. मी मान खाली घालून चिवड्यातले दाणे निवडत बसले.

रविवारी दुपारी माझी सानिका शाळेचा लॅटिनचा धडा करत होती. तिला मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र इंग्रजीत येतं. "आई, धिस इज क्रेझी," म्हणत ती सांगायला लागली. रोमन राज्यातल्या एका सुभेदाराने सम्राटाला पत्र लिहिलं होतं. ख्रिस्ती असल्याचा आरोप करून लोकांना त्याच्यापुढे आणत. तो तीन वेळा विचारायचा. हो म्हणत राहील त्याला मृत्युदंड. जो नाही म्हणेल, देवांपुढे आणि सम्राटाच्या मूर्तीपुढे धूप जाळेल, त्याला सोडून द्यायचे. एकदा तर नावांची यादीच आली, खाली सही नसलेली.

"मग सम्राट काय म्हणाला?" मी विचारलं.

"नो नेम, नो केस. ही सेड इट्स अ व्हेरी बॅड एक्झाम्पल."

मला बसवेना. माणसं मारणाऱ्या सम्राटानेही जो कागद हातात धरला नसता, तो मी पाठवला होता. सगळं कबूल करायचं ठरवून मी सायकल काढली.

जयंतीने पिठाच्या हातांनीच दार उघडलं. "बरं झालं आलीस. मीच फोन करणार होते. एकटीला एकवीस जमायचे नाहीत तुला. ये, शिकवते."

तिने उकडीचा गोळा माझ्या हातात दिला. "अंगठा आत, बोटं बाहेर. घाई नको." पहिल्यांदाच माझी पारी फाटली नाही. मला रडू येत होतं.

"नीलांबरी," ती खाली बघूनच म्हणाली, "तू लिहिलंस का गं ते? तुलाच तेवढं माहीत होतं. मी रागावणार नाही, मला फक्त कळू दे."

"मी? काहीतरीच काय!"

"नक्की?"

"नक्की."

"खरंच नाही ना?"

"गणपतीची शपथ," मी म्हणाले.

तिने मान डोलावली. "चुकलंच माझं. पुराव्याशिवाय तुझं नाव घ्यायला नको होतं." मग तिने झालेले मोदक डब्यात भरून दिले, सानिकासाठी.

नाही म्हणणाऱ्यांना घरी जाऊ देत असत. मी डबा सायकलच्या टोपलीत ठेवला आणि घरी आले.