मशीन रूममधले समुपदेशन

त्याने लिफ्टचा मुख्य स्विच पाडला, गच्चीवरच्या मशीन रूमचे दार आतून लोटले आणि फोन मोटरच्या आवरणाला टेकवून उभा केला. जिभेखाली ठेवलेली उपचाराची गोळी नुकतीच विरघळली होती. तिचा कडवटपणा दातांमागे रेंगाळत होता. पडद्यावर आधी व्यसनमुक्ती संस्थेचा हसरा सूर्य उगवला. संस्थेच्या मते हा आजार नव्हता, ‘प्रवास’ होता. मग समुपदेशक ताई दिसल्या.

“बसा ना जरा. सारखे चौकटीबाहेर जाताय.”

“बसलो की पाय वळवळतात, ताई.”

तरी बसणे भाग होते. लागोपाठ दोन सत्रे चुकली की संस्था गोळी बंद करत असे. पोहण्याच्या वर्गाला दांडी मारणाऱ्याच्या कमरेची ट्यूब काढून घ्यावी, तशी ही शिस्त. त्याच्या लिफ्ट कंपनीची शिस्त अधिक तर्कशुद्ध होती. तिथे अफूच्या कुळातल्या वेदनाशामकांचे व्यसन हे गैरवर्तन होते आणि त्यावर उपचार घेणे हा त्या गैरवर्तनाचा पुरावा. दोन्ही नियमावल्या लिहिणाऱ्यांचे खांदे त्याच्यासारखे निखळलेले नसावेत. म्हणून तो दर आठवड्याला इथे, ग्रीसच्या वासात, चोरून बरा होत असे.

“तलफ नेमकी कधी येते, त्यावर लक्ष ठेवायला सांगितलं होतं मी. खांदा दुखला की येते?”

“नाही.” तो उठला, मोटरला वळसा घालून परत आला. “कुणी शाब्बास म्हटलं की येते.”

“कुणी म्हणजे?”

पुसून ठेवलेला पाना त्याने पुन्हा पुसायला घेतला. पहिली वेदनाशामक गोळी डॉक्टरांनी लिहून दिली, असे तो आजवर सांगत आला होता. डॉक्टर नव्हतेच.

“माझे सख्खे मामा आमचे फोरमन आहेत. लिफ्टच्या शाफ्टमध्ये खांदा निखळला, तेव्हा गोळी त्यांनी दिली. अपघाताची नोंद केली की वरून चौकशी लागते ना. मग देतच राहिले. दर वेळी पाठ थोपटायची, शाब्बास, माझा भाचा शोभतोस.” पाना हातातून निसटला. तो उचलायला वाकला आणि वाकलेलाच राहिला. “माणूस वाईट नाही हो. त्यांना वाटायचं, भाच्याचे लाड करतोय.”

ताईंनी समोरचा प्रश्नांचा कागद उलटा करून ठेवला. हसऱ्या सूर्याच्या प्रशिक्षणात हे शिकवत नसावेत. ते त्यांचे स्वतःचे होते.

सत्र संपल्यावर फोन उचलताना त्याला भिंतीवरच्या इंटरकॉमचा लाल दिवा दिसला. सकाळी दोन्ही हात वायरींत अडकलेले, म्हणून त्याने बोलण्याचे बटण दाबून अडकवून ठेवले होते. तेव्हापासून तळमजल्यावरच्या केबिनमध्ये मामा इंटरकॉमचा आवाज तपासत बसले होते. बटण अजून अडकलेलेच होते; सत्रातले सगळे बोलणे खाली ऐकू गेले असणार.

लिफ्ट त्यानेच बंद केलेली. तो जिन्याने उतरला. कधी दोन-दोन पायऱ्या घेत, कधी एकेका पायरीवर थबकत.

मामा इंटरकॉमच्या डब्याकडे पाठ करून बसले होते. त्याच्याकडे त्यांनी पाहिले नाही. तेवढ्यात मागून दुसरा फिटर, ज्याला सगळे लंबू म्हणत, मनगट दाबत आत आला.

“मामा, मनगट पार कामातून गेलंय. तुमचा तो प्रसाद द्या की जरा. सगळा भाच्यालाच देता काय?”

मामांचा हात सवयीने टेबलाच्या खणाकडे गेला. खण अर्धा उघडला. आत गोळ्यांची चांदीसारखी पाकिटे चमकली. तिघांनाही दिसली.

“संपल्या,” मामा म्हणाले.

“अहो, या काय समोर...”

“संपल्या म्हटलं ना. दवाखान्यात जा. अपघात झालाय म्हणून सांग. माझं नाव सांग.”

लंबू दोघांकडे आळीपाळीने बघत गेला. मामांनी खण लोटला, कुलूप लावले. बराच वेळ कुलूपच चाचपत राहिले.

“इंटरकॉम काही धड नाही,” ते अखेर म्हणाले. “एक अक्षर ऐकू आलं नाही मला. वर कळवण्यासारखं तर काहीच नाही.”

“बरं.”

“हे घे.” त्यांनी खणाची किल्ली पुढे केली. डोळे भरून आले होते. “माझ्यावर नाही, पण तुझ्यावर माझा विश्वास आहे. तूच ठेव.”

त्याचे बोट किल्लीला लागण्याइतके जवळ गेले. मग त्याने दोन्ही हात पाठीमागे नेले आणि एकात एक घट्ट गुंफले.

“मला नका देऊ, मामा.”

मामांना ते कळेना. हात तसाच पुढे धरून ते वाट बघत राहिले.