बिस्किटाच्या डब्यावरचा पूल

ताईला युरोपातल्या आगगाड्या तोंडपाठ होत्या, आणि ताईनं स्वतःच्या शहराची वेस क्वचितच ओलांडली होती. लोक उंटावरून शेळ्या हाकतात. ही शिलाई मशीनवरून आगगाड्या हाकायची. कपडे दुरुस्तीचं तिचं दुकान रस्त्याला लागून होतं, मागे दोन खोल्या, तिथे ती आणि आई राहत. पँटची लांबी कमी करायला आलेल्या गिऱ्हाइकाच्या पायाशी बसून, तोंडात टाचण्या धरून ती सांगायची, "प्रागहून व्हिएन्नाला जायचं तर सकाळची गाडी बरी." गिऱ्हाईक बुचकळ्यात पडे, की बाई शिंपीण आहे का स्टेशनमास्तर.

या वेडाचं मूळ एका पत्र्याच्या डब्यात होतं. लहानपणी घरात बिस्किटांचा एक डबा आला होता. त्यावर चित्र होतं, डोंगरातला दगडी कमानींचा उंच पूल आणि त्यावरून जाणारी गाडी. बिस्किटं दोघी बहिणींनी फस्त केली, डबा उरला. त्याच सुमारास तापात ताईचा डावा पाय अधू झाला. ती खाटेला खिळून होती तेव्हा धाकटी छकुली तो डबा घेऊन उशाशी बसायची. "आपण दोघी जायचं हं या पुलावरून. खिडकी तुला देईन मी." छकुली आता विमा कंपनीत साहेबीण झाली होती, केसांना कलप लावत होती, पण घरात छकुलीच होती. डब्यात बटणं होती आणि शब्द अजून तसाच होता.

गेल्या वर्षी छकुलीनंच विषय काढला. "ताई, आता नाही तर कधीच नाही. खर्च बेताचा बसायला हवा मात्र. तू आख बाई, तुझ्यासारखं काटकसरीनं कुणाला जमतं?"

हरभऱ्याच्या झाडावर चढायला ताईला एवढं पुरलं. दर रविवारी दुकान बंद करून दोघी कापड बेतायच्या टेबलावर फोन आणि नकाशे मांडून बसू लागल्या. सगळ्या गाड्यांचा एकच पास काढण्यापेक्षा सुटी तिकिटं लवकर काढली तर स्वस्त पडतात, हे ताईनं शोधलं. रात्रीच्या गाडीत झोपलं की हॉटेलचं भाडं वाचतं. मुक्काम गावाच्या मध्यात नको, स्टेशनजवळ हवा, म्हणजे टॅक्सी नको. जेवण दुकानातल्या पावावर, पाणी नळाचं. "कंजूष कुठली," छकुली म्हणायची. "कंजूष नसते तर तू घरीच बसली असतीस," ताई म्हणायची, आणि आई आतून ओरडायची, "चहा निवतोय गं, प्रवासी!"

शिवणकामात ताईचा एक नेम होता. कापड कितीही महाग असो, माया सोडायचीच. माया म्हणजे शिवणीच्या आत राखलेलं जादा कापड. वरून दिसत नाही, पण अंगावर मांस चढलं की तेच कपड्याला तारतं. तिनं गाड्यांचंही तसंच बेतलं. एक गाडी सोडून दुसरी धरायची तिथे भरपूर वेळ राखला, कारण तिचा पाय जिना एकेक पायरी टेकत चढतो. डब्यावरच्या त्या पुलाच्या अलीकडे डोंगरातल्या एका जंक्शनवर तर दोघींना चांगली दुपारभर वाट पाहायची होती. ताईनं त्या स्टेशनचे लोकांनी टाकलेले फोटो बघून बसायची जागासुद्धा हेरून ठेवली होती.

मग एका रविवारी छकुली म्हणाली, "ही दुपारभराची वाट जास्तच होते ना? आधीची गाडी मिळतेय की."

"ती धरायची तर जिना चढून पलीकडे पळावं लागेल."

"पळू की."

पुढच्या रविवारी, "रात्रीच्या गाडीत वरची बर्थ स्वस्त आहे, तीच घेऊ." त्याच्या पुढच्या, "ट्राम कशाला? चढ आहे, पण चालत जाऊ." ताईनं एकेक माया कापली. मनातून ती हरखली होती. तिला वाटलं, जन्मभर सगळे मला काचेच्या भांड्यासारखं जपतात, ही एकटी मला धडधाकट धरते. ताईनं पासपोर्ट काढून घेतला होताच. आता ती रोज दुकान उघडण्याआधी जवळच्या रस्त्यावरच्या पादचारी पुलाचा जिना चढू-उतरू लागली, पाठीवर पिशवी, पिशवीत इस्त्री आणि कात्र्या. पाय सुजायचा. संध्याकाळी मशीनखाली गरम पाण्याच्या बादलीत पाय सोडून ती बाही जोडायची. आई बघायची आणि काही बोलायची नाही. ताईला वाटायचं, आईला कौतुक वाटतंय.

एके दुपारी दुकानात एक बाई आली. उंच, चटपटीत, पायात पळायचे बूट. कोटाला आतून चोरखिसा लावून हवा होता. तिनं कोट अंगात घातला, ताई खडूनं खूण करू लागली.

"पासपोर्ट मावेल एवढा करा हं. आणि तुम्हीच ना छकुलीच्या ताई? आम्ही एकाच ऑफिसात. काय सुरेख आखून दिलंत हो तुम्ही आम्हाला! आमच्या सगळ्या तिकिटांचं कालच पक्कं झालं."

ताईच्या हातातला खडू कोटावर तसाच राहिला. "आम्हाला?"

"मला आणि छकुलीला. तुम्हाला पायामुळे जमणार नाही म्हणालात ना? वाईट वाटलं ऐकून. पण तुम्ही फार मोठ्या मनाच्या हो."

बिचारीचा काही दोष नव्हता. कानामागून आली आणि तिखट झाली, पण तिला कुणीतरी बोलावलं म्हणूनच आली होती. ताईनं खिशाची खूण पुरी केली, कोट कधी मिळेल ते सांगितलं, तिला दारापर्यंत पोचवलं. मग आत गेली. आई कपड्यांच्या घड्या घालत होती आणि तिनं मान वर केली नाही. हातच्या काकणाला आरसा कशाला? ताईला कळलं.

"तुला माहीत होतं."

"ती म्हणाली, तिकिटं निघेपर्यंत ताईला सांगू नकोस. तू आखायचं सोडलं असतंस तर तिचं सगळं अडलं असतं."

"आणि मी रोज जिना चढत होते तो?"

आईनं टॉवेलाची घडी मोडली आणि पुन्हा घातली. "सांगणार होते गं. तू एवढी खुशीत दिसायचीस."

ताईला रडू आलं नाही, राग आला, आणि रागापेक्षा लाज वाटली. सगळ्यांना ठाऊक असलेल्या गोष्टीसाठी आपण इस्त्री पाठीला बांधून जिने चढत होतो, याची लाज.

छकुली दुसऱ्या दिवशी आली ती आल्या आल्या भांडायच्या पवित्र्यात. अपराधी माणूस आधी आवाज चढवतो.

"तूच विचार कर ना ताई! पाच शहरं, रोज गाडी, रोज सामान. मला तुझ्यामागे पिशव्या घेऊन फिरायचं नव्हतं. वर्षातून एकदा रजा मिळते मला!"

"मग हे पहिल्या रविवारी सांगायचंस."

"तेव्हा खरंच आपण दोघीच जाणार होतो."

"आणि नंतर?"

छकुलीचा आवाज उतरला. "नंतर वाटलं, तू आखण्यात रमलीयस. तुझा आनंद कशाला घालवा."

"माझा आनंद नव्हे गं. माझी हमाली." ताईनं सुई कापडात खुपसली. "केसानं गळा कापलास छकुले. परक्यानं कापला असता तर निदान ओरडले तरी असते."

छकुलीनं चपला घातल्या आणि निघून गेली. चोरखिसा ताईनं वेळेवर लावून दिला. खराब काम तिच्या हातून होत नसे, हा तिचा दुर्गुणच होता. बटणांचा डबा मात्र तिनं उचलून फळीवर ठेवला, चित्र भिंतीकडे करून. आईनं एकदोनदा विषय काढून पाहिला, तेव्हा ताई म्हणाली, "आता त्याबद्दल नको." मायलेकी एका घरात जेवत होत्या, पण बोलणं मीठ-पाण्यापुरतं उरलं.

छकुली आणि ती चोरखिशाच्या कोटाची बाई युरोपला गेल्या. ताई जिना चढायला आता जात नव्हती, तरी सकाळी त्याच वेळी जाग यायची. आज त्या व्हिएन्नात असतील, हेही न ठरवता डोक्यात यायचं. पाठ केलेलं विसरता येत नाही, हा एक शापच.

असंच एका दिवशी ती एका शर्टाची कॉलर उलटवत होती तेव्हा फोन वाजला. छकुली धापा टाकत होती.

"ताई, गाडी चुकली गं! त्या डोंगरातल्या जंक्शनवर. फलाट बदलला, आम्ही जिना चढून पळालो, पण डोळ्यांदेखत गेली. ही आमची तिकिटं पुढच्या गाडीला चालतात का? पुढची कधी आहे? इथे चौकशीची खिडकी बंद आहे. तू सांग ना पटकन!"

आई दारात येऊन उभी राहिली. ताईच्या अगदी ओठांवर आलं, मला काय माहीत बाई, मी कुठे गेलेय तिकडे? बोलली असती तर कुणी नावं ठेवली नसती. तिनं हातातला शर्ट बाजूला ठेवला.

"तिकिटं चालणार नाहीत, स्वस्तातली आहेत ती. नवीन काढा, मशीन दारापाशी आहे. पुढची गाडी दुपारची. आपण आधी धरली होती ना, तीच. पुलावरून जाते ती. खिडकी उजवीकडची घे."

"दुपारची? एवढा वेळ आम्ही करायचं काय इथे?"

"बसा. पहिल्या फलाटाच्या टोकाला, घड्याळाखाली, एक बाक आहे. लाकडी, पाठ टेकता येते, जिना चढावा लागत नाही. समोर डोंगर दिसतो. तो मी माझ्यासाठी बघून ठेवला होता."

छकुलीनं हाक मारली, "ताई..." ताईनं फोन ठेवला आणि राहिलेली कॉलर मशीनखाली घेतली.